पॅनबाबांचा गटवार दरोडा

“माझ्या गटाचा माणूस ह्यात कुठंय? दावा! बोट ठिवून दावा!”

दिंद्रुड गटाचे संचालक बप्पा टेबलावर मूठ आपटत होते आणि दर आपटीला चेअरमनसाहेबांची बशी बोटभर पुढं सरकत होती. नवखा माणूस आत आला असता तर त्याला वाटलं असतं, उसाच्या नोंदीवरून किंवा पाइपलाइनवरून जुंपलीय. तसलं काही नव्हतं. भांडण नाटकाचं होतं. साखर कारखान्याच्या नाट्यमंडळाचं नवं नाटक. त्यात राजा, राणी, प्रधान, पहारेकरी आणि दरोडेखोर एवढीच माणसं, आणि कारखान्याचे गट, म्हणजे सभासदांच्या गावांचे पुंजके, त्याच्या दुप्पट.

“राजा कोण? कॉलनीतला अकौंटंट. प्रधान कोण? कॉलनीतला ओव्हरसियर. राणी कोण? कॉलनीतला फिटर! समदं राज्य कॉलनीतच वाटून खाल्लं. सभासदाला काय? बसायला बारदाना?”

ज्यांचं हे नाटक, ते पॅनबाबा समोरच्या खुर्चीत शांत बसले होते. कपातल्या चहात बोट बुडवून अंगठा आणि तर्जनीमध्ये ताणून बघत होते, तार निघते का. चहाची तार निघत नाही हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनाही असावं. पण बघायचे.

“बप्पा,” ते म्हणाले, “पॅनमदी बी जास्त टाकलं की दाणा वाढत न्हाई. पिठी होती.”

“मग पिठी करा!” बप्पा गरजले. “पर आमच्या गटाची करा!”

कारखाना आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पॅन म्हणजे उसाच्या रसाचा पाक शिजवायची दोन मजली उंच, बंद कढई. आत काय शिजतंय ते एका काचेच्या भोकातून दिसेल तेवढंच. बाजूला एक दांडा. तो ओढला की चमचाभर पाक बाहेर येतो. तो काचेच्या पट्टीवर पसरायचा, उजेडात धरायचा, बोटांत चोळायचा आणि ठरवायचं, साखरेनं दाणा धरला की नाही. लवकर सोडला तर काकवी, उशिरा सोडला तर धोंडा. दाणा धरायला आत बारीक साखरेचं बी सोडतात; ते जास्त पडलं तर दाणा वाढत नाही, नुसती पिठी होते, तिला म्हणायचं खोटा दाणा. हे ठरवणारा जो माणूस, त्याच्या बोटांवर सगळ्या कारखान्याची साखर. आमच्याकडं ती बोटं पॅनबाबांची. खरं नाव पगारपत्रकावर असेल. मी शेतकी खात्यात उसाच्या नोंदी करणारा, पलीकडच्याच इमारतीत बसायचो, पण मलाही ते कधी कळलं नाही.

पॅनच्या मजल्यावरची गरमी अशी की कोंबडी वर चढली तर अंडं उकडूनच घालायची. त्या हवेत उभा जन्म गेल्यामुळं बाहेर पडलं की बाबांना हुडहुडी भरायची. भर मे महिन्यात, परळीकडून येणारा वारा तोंडावर तवा मारल्यासारखा लागायचा, तेव्हा आमचा हा माणूस माकडटोपी आणि हातविणीचा स्वेटर घालून सायकलवरून यायचा आणि वरून आम्हालाच विचारायचा, “गारठा वाढला का रं?”

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ती काचेची पट्टी. पेन लागलं तर माझं. पट्टीतून ते जगातल्या सगळ्या वस्तू बघायचे. नवा एम. डी. आला की हात मिळवताना त्याचं एक बोट आपल्या अंगठा-तर्जनीत धरून हळूच चोळायचे आणि बाहेर आल्यावर मला निकाल सांगायचे, “कच्चा हाय. अजून आच लागंल.” पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पाहुण्यांसमोर पोहे ताणून पाहिले. मुलगी नाकारली गेली नाही, पण पोहे नाकारले गेले, आणि लग्न त्यावरून मोडलं. स्वतः लग्नच केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “दांडा वढायचा टाइम चुकला.”

नाटकही तसंच. तालीम म्हणायची नाही, शिजवणी म्हणायची. नट निवडताना वाचायला कधी दिलं नाही. माणसाला खिडकीत उभं करायचं, काचेतून त्याच्या तोंडाकडं बघायचं आणि वाट बघायची. निम्मे नट त्या बघण्यालाच घाबरून पळाले. जे राहिले ते कॉलनीतले, कारण त्यांना पळायला जागा नव्हती. अॅक्टिंग शिकवत नसत. “शिकवून येती ती कवाईत,” म्हणायचे. “शिजून येतं ते नाटक.”

दरोडेखोराचं काम दर नाटकात त्यांचं स्वतःचं. नाटक कुठलंही असो, दरोडेखोर असायचाच. एकदा कुटुंबकल्याणावरचं नाटक बसवलं, त्यातही शेवटच्या अंकात दरोडा पडला. दरोडेखोराला घोडा लागतो, म्हणून त्यांनी स्वतःच्या सायकलीला साखरेच्या पोत्यांची झूल चढवली, पुढं भुसा भरून शिवलेलं मुंडकं बांधलं आणि मुंडक्याला केरसुणीची आयाळ लावली. तो घोडा वळताना घंटी वाजवायचा. समोरच्या रांगेतली पोरं घंटी वाजली की पाय वर घ्यायची, कारण बाबांच्या घोड्याला ब्रेक नव्हता.

त्यांची राणी म्हणजे टर्बाइनचा फिटर गफूरभाई. एरवी झुपकेदार मिशा, पण खेळाच्या आधी त्या काढायच्या. नाटकाची तारीख कधी जाहीर करावी लागली नाही. गफूरभाईचा वरचा ओठ दिसला की अख्खा कारखाना ओळखायचा, नाटक आलं. आणि राणी अशी चालायची की कॉलनीतल्या बायका घरी जाऊन तसं चालून बघायच्या.

तर असं सगळं बरं चाललं असताना दुष्काळ आला, आणि दुसऱ्या वर्षीही गेला नाही. माजलगावच्या धरणाचा तळ असा उघडा पडला की त्यातून वरातीनं जावं. ऊस नाही, म्हणून गाळप नाही. चिमणी गार, ऊस टाकायची गव्हाण गार. कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी पडली. जनावरं आली तशी त्यांच्यामागं माणसंही आली, सभासद शेतकरी एका अंगाला, ऊसतोडवाले आपले बैल घेऊन दुसऱ्या अंगाला. पाऊस पडला की छावणी मोडणार, आणि ऊस उभा राहिला तर दसऱ्यानंतर ऊसतोडवाले कोयते घेऊन उसाच्या फडावर जाणार, पण तोवर सगळे इथंच.

पॅनही गार पडलं. जन्मभर ज्यानं दाण्याची वाट बघितली, त्याला बघायला पाकच उरला नाही. बाबा रोज ड्युटीवर यायचे, रिकाम्या पॅनच्या काचेतून आत बघायचे, दांडा ओढायचे आणि कोरडी पट्टी पुसून खिशात ठेवायचे. मी विचारलं, “काय बघता बाबा?” तर म्हणाले, “सवय मोडली तर बोटं मरतील.” बोटं जगवायला नाटक तेवढं राहिलं होतं.

आणि नेमकं तेच जायची वेळ आली. चेअरमनसाहेब त्या दिवशी, बप्पांची मूठ थांबल्यावर, मऊ आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला की समजायचं, कुणाचं तरी काही जाणार.

“बाबा, नाटक ज्या गोडाऊनात करता ते मला कडब्याला पायजे. साखर न्हाई हे लोक समजून घेतील. पर जनावराचा चारा उघड्यावर आन् नाटक सावलीत, हे न्हाई घेणार. मागच्या साली काय झालं?”

मागच्या साली आमचा अकौंटंट राजा सिंहासनावरून इतकं शुद्ध बोलला की छावणीतल्या लोकांना वाटलं, जिल्ह्याहून साहेब पाहणीला आले. निम्मे लोक उठून आपापल्या जनावरापाशी जाऊन उभे राहिले. उरलेले झोपले.

“तर औंदा,” चेअरमन म्हणाले, “लोक शेवटापतुर थांबले, तर मंडळ राहील. मदीच उठले, तर सकाळी कडबा भरायला सुरू. पडद्याची बैलाला झूल करू, वाया काय जायचं न्हाई.”

“लोक थांबावं वाटत असलं तर लोकांचा माणूस पायजे!” बप्पा पुन्हा उसळले. “आपला माणूस दिसंना तर आपले लोक कावून येतील?”

खरं सांगू का, मला ते पटलं. पण मी बाबांच्या शेजारी बसलो होतो, म्हणून पटलं नाही असं तोंड केलं.

महिला राखीवच्या संचालिका अक्का इतका वेळ पदर सारखा करत होत्या. त्या म्हणाल्या, “आन् राणीच्या गालावर दाढीची निळी झाक मारतीय. नाटकात एक तरी बाई, बाई पायजे.”

दारात उभ्या गफूरभाईनं गालावरून हात फिरवला.

कुणीतरी म्हणालं, ऊसतोडवाल्यांचाही एक घ्या, नाहीतर टोळ्या पुढच्या साली दुसऱ्या कारखान्याला जातील. लगेच ठराव झाला: दर गटाला एक पात्र, महिलेला एक, ऊसतोडीला एक. पात्र बोलतं असावं. मुकं चालणार नाही. सर्वानुमते मंजूर. बाबांना मत नव्हतं, म्हणून सर्वानुमते.

त्यानंतर आमच्या छोट्याशा राज्याला जी भरती आली, ती कुठल्या सम्राटाच्याही दरबारात झाली नसेल. एका गटाला राजवैद्य दिला, एकाला ज्योतिषी, एकाला सेनापती, एकाला भालदार, एकाला चोपदार. मग चोपदारवाला गट म्हणाला, भालदार मोठा का चोपदार मोठा? राजवाड्याबाहेर एक पाणक्या ठेवला, तर तो गट रुसला की आमच्या गावात पाणी नाही म्हणून डिवचता काय! त्याला शिंगवाला केला. शिंग मिळालं नाही. तो तोंडानं वाजवायचा.

राहिला दिंद्रुड गट. बप्पा म्हणाले, “चेअरमनला व्हाईस असतो. मग राजाला व्हाईस कावून न्हाई?” आणि बप्पांचे मेव्हणे व्हाईस राजा झाले. बोलणं एकच, “महाराज, मी आहे ना!”

बाबांनी सगळ्यांना अशी एकेकच ओळ लिहून दिली. ओळी अशा की काढल्या काय आणि ठेवल्या काय, पाकाला पत्ता नाही. राजवैद्य म्हणणार, “नाडी मंद आहे.” कुणाची, का, काही नाही. ज्योतिषी म्हणणार, “योग बरा दिसत नाही.” तालमीला लोक आपल्या ओळीपुरते यायचे, म्हणायचे आणि भत्त्याच्या चहाला जायचे. दुसऱ्याचे शब्द मोजायचे मात्र सगळे. चोपदाराला एक शब्द जास्त निघाला तर भालदार उपोषणाला बसायच्या तयारीत.

“क्या बाबा,” गफूरभाई कळवळून म्हणाला, “इत्ते लोगां में रानी चलेगी कां से? मेरे कू मुडने कू जगा नै!”

बाबा माझ्याजवळ येऊन पट्टी पुसत राहिले. “खोटा दाणा,” म्हणाले. “बी पडलं लई. कुणीच वाढायचा न्हाई आता.”

बाई मिळत नव्हती. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, स्टेजवर नको. अक्कांनी छावणीत शोध लावला आणि एका कोयत्यात दोन मोळ्या तोडल्या: ऊसतोडवाल्यांतली कौसाबाई. बाईही झाली, ऊसतोडही झाली.

कौसाबाई म्हणजे छावणीचा भोंगा. पाण्याचा टँकर आला की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा नाही, कारण कौसाबाई आधीच वाजलेली असायची. तिचे दोन बैल छावणीत सगळ्यांत पुढं बांधलेले. ती जागा तिला कुणी दिली नव्हती, तिच्याकडून परत घ्यायची कुणाची छाती नव्हती एवढंच. बाबांनी तिला खिडकीत उभं करून काच डोळ्याला लावली. ती जागची हलली नाही.

“काय बघता ओ सायेब काचंतून? नंबर लागला का डोळ्याला?”

“दासीचं काम हाय,” बाबा म्हणाले. “पेला घिऊन यायचं आन् म्हणायचं, ‘महाराज, सरबत.’”

“सरबत लिंबाचं का?”

“सरबत न्हाई. पेला रिकामाच.”

“मग खोटं कावून बोलू?”

बाबांनी तिला नाटक म्हणजे काय ते समजावलं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “म्हंजी राजाकडं बी पाणी न्हाई, पर लाज वाटती म्हनून पेला फिरवत्यात. आसं सांगा की.” बाबा बाहेर येऊन बराच वेळ बोटं चोळत राहिले. मी विचारलं, “काय म्हणतोय पाक?” तर म्हणाले, “पाक न्हाई. ही जाळच हाय.”

खेळ भर उन्हात चार वाजता ठेवला, कारण दिवस मावळला की लाइट जायची. साखरेचं गोडाऊन, वर पत्रे. आत साखर नव्हती, पण वास होता, आणि त्या वासावर जगणारे मुंगळे होते. राजाच्या कपाळावरचं गंध पहिल्या पाच मिनिटांत हनुवटीवर उतरलं. माकडटोपीवर फेटा बांधलेले बाबा तेवढे खुशीत होते. म्हणाले, “आज जरा ऊब हाय.”

आणि गर्दी! एवढी गर्दी आमच्या कुठल्याच नाटकाला झाली नव्हती. प्रत्येक गटातून ट्रॅक्टर भरभरून आले. ‘आपला माणूस’ बघायला म्हाताऱ्या आल्या, तान्ही पोरं आली, एका गावातून तर देवाचा पुजारी देवाला कुलूप लावून आला. आत जागा संपली तेव्हा लोक पत्र्याच्या भोकांना डोळे लावून बसले, आणि भोकांवरून मारामाऱ्या झाल्या. बप्पा पहिल्या रांगेतून मागं वळून वळून बघत होते आणि चेअरमनच्या मांडीवर थापा मारत होते. “म्हणलं न्हवतं? म्हणलं न्हवतं का?”

मी विंगेत प्रॉम्प्टिंगला. पडदा उघडला. व्हाईस राजा पुढं आला, छाती काढली आणि म्हणाला, “महाराज, मी आहे ना!”

गोडाऊन उडालं! शिट्ट्या, फेटे, गुलाल. दिंद्रुडचे लोक हलगीसकट स्टेजवर चढले, व्हाईस राजाला हार घातला, खाली उतरले आणि सरळ दाराबाहेर गेले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यांचं तरी काय चुकलं? आपला माणूस बघायला आले होते, बघितला. घरी जनावरं वाट बघत होती.

राजवैद्य म्हणाला, “नाडी मंद आहे.” टाळ्या. एक गाव उठलं. ज्योतिषी म्हणाला, “योग बरा दिसत नाही.” टाळ्या. दुसरं गाव उठलं. शिंगवाल्यानं तोंडानं शिंग वाजवलं, त्याच्या आईनं स्टेजखालून दृष्ट काढली आणि तिसरं गाव उठलं. जो तो नट आपली ओळ म्हणायचा आणि आपल्या हातानं आपला मांडव रिकामा करायचा. दाराशी चपलांचा ढीग होता, तो उपसत चालला. बप्पांच्या थापा बंद झाल्या. चेअरमन मागं बघत नव्हते, समोरच बघत होते, पण त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

“बाबा,” मी कुजबुजलो, “लोक चाललेत.”

बाबा घोड्यावर, म्हणजे सायकलवर, एक पाय जमिनीला टेकून उभे होते. फेट्याखालून घाम नव्हे, पहिल्यांदाच भीती उतरताना दिसली. “खोटा दाणा,” म्हणाले. “सांगत व्हतो.”

“पॅनमदी असं झालं तर काय करता?”

“पाणी देतात. जरासं. खोटा दाणा इरघळतो, खरा ऱ्हातो.”

“मग द्या!”

“नाटकात पाणी कुठून आणू रं?”

तेवढ्यात प्रधान म्हणाला, “दरोडा! दरोडा!” हा बाबांचा इशारा. काय करता? घंटी वाजवत निघाले. “खबरदार! ह्या राज्यातलं सगळं सोनं माझ्या हवाली करा!”

नाटकात लिहिलेलं असं की सगळ्यांनी थरथरत खाली पडायचं. सगळा गटवार दरबार एकदम पडला. फळ्या अशा वाकल्या की स्टेजखालचं कुत्रं केकाटत पळालं. राजा पडला, व्हाईस राजा पडला, राणी लाडानं पडली. उभी राहिली ती एकटी कौसाबाई, हातात रिकामा पेला घेऊन.

“पळ!” मी विंगेतून म्हणालो. “कौसाबाई, पळ!”

ती माझ्याकडं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पळू कावून? माझ्यापाशी काय हाय न्यायला?”

मागं ऊसतोडवाले बसले होते. ते फिस्सकन हसले. कौसाबाईनं दरोडेखोराकडं बघितलंच नाही. तिनं घोड्याला एक प्रदक्षिणा घातली, मुंडकं चाचपलं, झुलीखालून पोट दाबून पाहिलं.

“कुठनं आणला?”

“डोंगरापल्याडून!” बाबा गरजले. एवढं नाटकात होतं.

“लई भरलाय की अंगानं. पाणी कुठं पितो?”

हे नाटकात नव्हतं. मी वही उलटीपालटी केली.

“न्हाई, माझे बैल बघा जाऊन. बरगडीत बोट जातंय. आन् ह्यो दरोडेखोराचा घोडा टणटणीत! तर ह्यो पाणी कुठं पितो तेवढं सांगा. मग सोनं न्या, राजा न्या, ही मिशीची राणी न्या, माझं काय म्हणणं न्हाई.”

आधी मला वाटलं सगळे उठून गेले, इतकं शांत झालं. वरचे पत्रे तेवढे कडकड करत होते. मग दाराकडं बघितलं. चपला घालायला वाकलेले लोक तसेच वाकून थांबले होते. बाहेर एका ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं.

बाबांचा उजवा हात लगामावरून हळूहळू वर आला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. आणि भर नाटकात, घोड्यावरून, हा माणूस पत्रे उडतील असा ओरडला:

“दाणा धरला!”

लोकांना वाटलं ही दरोडेखोराची आरोळी. त्यांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. बाबांनी फेटा मागं सारला. “सांगणार न्हाई! सोनं दिलं तरी पाण्याचा पत्ता देणार न्हाई!”

मग जे झालं ते लिहून कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण बघणारे अजून आहेत. पडलेला राजवैद्य उठला, घोड्याच्या हँडलवर तीन बोटं ठेवली आणि लोकांकडं बघून म्हणाला, “नाडी मंद आहे!” त्याची तीच ओळ! पण आता गोडाऊन हसून फुटायची पाळी. ज्योतिष्यानं रिकाम्या पेल्यात डोकावून मान हलवली, “योग बरा दिसत नाही.” एक म्हातारी हसता हसता शेजारणीच्या मांडीवर आडवी झाली. सेनापती म्हणाला, पाणी आधी आमच्या गावाकडं ने. भालदार म्हणाला, आमच्या. दोघं घोड्याचं एकेक चाक धरून बसले. अकौंटंट राजा सिंहासनामागून ओरडला, “हे संहितेत नाही!” आणि त्याला जन्मातला पहिला हशा मिळाला. गफूरभाई तर राणी आहोत हेच विसरला. पदर कमरेला खोचून पुढं आला, “अरे ओ डाकू! पानी का पता बोल! नथ ले, चूडी ले, घर पे मूंछ रक्खी है वो बी ले!”

गेलेले लोक परत आले. दारातून, भोकांतून, खिडकीतून आले. दिंद्रुडचा ट्रॅक्टर उलटा फिरून आला. आणि नेमक्या त्या वेळी व्हाईस राजा कपडे झटकत उभा राहिला, पोट आत घेतलं आणि म्हणाला, “महाराज, मी आहे ना! मी येतो बघून!” एवढं म्हणून तो दुसऱ्या विंगेतून पळूनच गेला. पुढाऱ्याचं इतकं हुबेहूब काम मी नंतर कुठं पाहिलं नाही. बप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले. कशाला हसलो ते त्यांना घरी गेल्यावर कळलं म्हणतात.

“व्हा बाजूला,” कौसाबाई म्हणाली. “म्याच जाते बघून.” पेला कमरेला खोचला, कॅरिअरवर बसली आणि बाबांच्या पाठीत बुक्की मारली. “हाण घोडा!”

बाबांनी हाणला. ब्रेक नव्हताच. घोडा स्टेजच्या उतरणीवरून खाली, मधल्या वाटेनं, घंटी वाजवत, दाराबाहेर! आणि त्याच्यामागं सगळं गोडाऊन. राजा, राणी, वैद्य, म्हाताऱ्या, पोरं, पुजारी, सगळी वरात छावणीकडं. आत राहिलो मी, चेअरमन, बप्पा आणि मुंगळे.

थोड्या वेळानं बाबा धापा टाकत परत आले. चेअरमन अजून खुर्चीतच होते.

“लोक मदीच उठले, बाबा.”

“उठले साहेब. पर नाटकाच्या मागं उठले.”

चेअरमननी रिकाम्या गोडाऊनवरून नजर फिरवली. त्या नजरेत कडबा रचून झाला आणि परत उपसूनही झाला.

“ठराव माझा व्हता!” बप्पा म्हणाले. “लोक कुणामुळं आले? गटामुळं!”

“बी तुमचं, कबूल,” बाबा म्हणाले. “पर सगळी पिठी झालती. बाईनं पाणी दिलं.”

“बाई तरी कुठनं आली? ठरावातूनच की!”

पॅनबाबा हाताला लागेल ते चोळत राहिले. ती घोड्याची आयाळ होती.

“मंडळ राहील,” चेअरमन उठत म्हणाले. “दिवाळीला ह्योच खेळ परत. पर ती बाई पायजे. ती नसली तर कडबा.”

बाबा जागच्या जागी उडाले. साठीला टेकलेला माणूस, स्वेटर घालून, सायकल हातात धरून नाचत नाचत छावणीकडं निघाला. मी मागं पळत होतो. ते वाटेत दिसेल त्याला सांगत होते, दाणा धरला, दाणा धरला, आणि लोकांना वाटत होतं कारखाना सुरू झाला. म्हणून तेही नाचत होते.

कौसाबाई टँकरपाशी होती. नाटकाची साडी खोचलेली, हातात बादली. एक बैल पाणी पीत होता, दुसरा वाट बघत होता.

“कौसाबाई!” बाबांना बोलता येईना. “दिवाळीला परत खेळ! तुमी राणी! गफूरला दासी करतो! समदं नाटक तुमच्यावर! आन् सरबत खरं, लिंबाचं, बर्फ घालून!”

तिनं बादली पहिल्या बैलाच्या तोंडापासून ओढली आणि दुसऱ्यापुढं ठेवली.

“पाऊस पडला तर दिवाळीला आमी फडावर,” ती म्हणाली. “न्हाई जमायचं.”